जेम्स वेबची फाईल उघडली तर सगळं काळंच दिसतंय, डीएस९ वापरणाऱ्यांनी मदत करा

कोकणी_फणस

मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय. जेम्स वेब ह्या अवकाश दुर्बिणीचे ते जुलै २०२२ चे पहिले फोटो आले तेव्हापासून डोक्यात होतं की ह्यांचा मूळ डेटा सगळ्यांना फुकट मिळतो म्हणतात तर आपणही एकदा बघूया. तर मास्टच्या साइटवर (ते अर्काइव्ह, बाल्टिमोरची स्पेस टेलिस्कोप संस्था सांभाळते ते) जाऊन प्रोग्राम नंबर २७३१ टाकला, म्हणजे कराइना नेब्युला (तेजोमेघ), तो 'कॉस्मिक क्लिफ्स'वाला, आणि त्यातली एक फाईल रात्री उतरवायला लावून झोपलो. फाईल भलीमोठी, एक्स्टेन्शन फिट्स. लॅपटॉपला ते काय आहे हेच कळेना, घरातल्या फोटो एडिटरनेही हात वर केले, मग कुठंतरी वाचून डीएस९ हे खगोलवाल्यांचं फिट्स बघायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि फाईल उघडली तर पूर्ण काळा स्क्रीन. मधे दोनचार पांढरे ठिपके. बस.

फाईल करप्ट आहे का? परत उतरवू? की ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपचं हे कामच नाही? आणि तो केशरी निळा फोटो कुठाय मग?

पावटा

करप्ट बिरप्ट काही नाही, ब्रह्मांडच काळं आहे. (पळतो आता)

ध्रुवमत्स्य

परत उतरवू नका हो, फाईल ठणठणीत आहे. आधी एवढं करा. झूम मेनूत जाऊन फिट करा, कारण ही चित्रं एवढी मोठी असतात की उघडल्यावर एखादा कोपराच समोर येतो. मग स्केल मेनू उघडा. तिथे वरच्या भागात लिनियर, लॉग, स्क्वेअर रूट, असिन्श वगैरे दिसतील आणि खाली मिनमॅक्स, ९९.५ टक्के, झेडस्केल असे पर्याय. तुमच्याकडे आत्ता लिनियर आणि मिनमॅक्स असणार, डीएस९ सुरू होतं तेच मुळी तसं. ते बदलून लॉग आणि ९९.५ करा. किंवा नुसतं झेडस्केल. बघा काय होतंय, मग कारण सांगतो.

कोकणी_फणस

आई शप्पथ!!! दिसलं! डोंगर, कडे, धूर सगळं! कृष्णधवल आहे पण आहे!

आता कारण सांगाच. मी रात्री एक वाजेपर्यंत इन्स्टॉल अनइन्स्टॉल करत बसलो होतो.

ध्रुवमत्स्य

सांगतो, जरा लांबेल.

फिट्स म्हणजे फोटो नव्हे, आकड्यांचा तक्ता आहे. माऊस चित्रावर फिरवा आणि वरच्या पट्टीत व्हॅल्यू लिहिलंय तिकडे बघा, प्रत्येक पिक्सेलला आकडा बदलताना दिसेल. वेबच्या फाईलीत तो आकडा मेगा-जान्स्की प्रति स्टेरेडियन ह्या एककात असतो, म्हणजे आकाशाच्या तेवढ्या तुकड्यातून किती उजेड आला त्याचं खरंखुरं मोजमाप. आता नेब्युलाच्या ढगात हा आकडा अगदी किरकोळ आणि एखाद्या ठळक ताऱ्यापाशी तोच शेकडो हजारो पट. तुमच्या स्क्रीनकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा साधारण २५६. मिनमॅक्स काय करतं, सगळ्यात लहान आकड्याला काळा देतं, सगळ्यात मोठ्याला पांढरा, आणि मधल्यांना सरळ हिशोबाने वाटून टाकतं. म्हणजे चाळीत एक करोडपती राहायला आला म्हणून बाकी बिऱ्हाडांचे पगार आलेखावर शून्यालाच चिकटावेत तसं. ढग सगळा पहिल्या दोनतीन छटांत अडकतो आणि आपल्याला काळं दिसतं.

९९.५ म्हटलं की दोन्ही टोकांचे अतिरेकी आकडे सोडून उरलेल्यांत छटा वाटल्या जातात. लॉग म्हटलं की लहान आकड्यांना जास्त छटा मिळतात. झेडस्केल ही जुनी युक्ती, आयराफ नावाच्या पॅकेजमधून आलेली (अमेरिकेत किट पीकवाल्यांनी केलेलं, एके काळी खगोलवाल्यांचं त्याच्याशिवाय पान हलत नसे). ते चित्रातले थोडे नमुने घेऊन मध्यावरच्या आकड्यांभोवती मर्यादा ठरवतं, त्यामुळे पार्श्वभूमीतलं अंधुक सगळं वर येतं पण तारे भकाभक पांढरे होतात.

आणि राइट क्लिक दाबून धरून माऊस ओढा. आडवा उभा. कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस हातात येतो. ह्याची एकदा सवय लागली की माणूस तासन्‌तास नुसता ओढत बसतो. महत्त्वाचं म्हणजे ह्यातलं काहीही केलं तरी फाईलीतले आकडे बदलत नाहीत, व्हॅल्यूच्या पट्टीत तेच राहतात, फक्त दाखवणं बदलतं. तेव्हा बिनधास्त खेळा.

निंबोणी

+१. आणि फाईल मेनूतून हेडर (फाईलीच्या सुरुवातीची माहिती) उघडून बघा फणसभाऊ, मला तर चित्रापेक्षा तेच जास्त आवडतं. एकेक ओळ ८० अक्षरांची, अश्या ३६ ओळींचा एक ठोकळा म्हणजे २८८० बाइट. पहिली ओळ कायम 'सिम्पल = टी'. मग बिटपिक्स, म्हणजे एका आकड्याला किती बिट, उणे ३२ असेल तर दशांशवाला आकडा. मग नॅक्सिस-१ नॅक्सिस-२ म्हणजे रुंदी उंची. दुर्बीण, फिल्टर, निरीक्षणाची तारीख सगळं साध्या अक्षरात लिहिलेलं. शेवटी एंड.

हे १९८१ मध्ये छापलं गेलं आणि १९८२ ला आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने मान्य केलं. तेव्हा वेधशाळा एकमेकींना डेटा मॅग्नेटिक टेपवर पाठवायच्या आणि इथला टेप तिथल्या मशीनवर वाचता येईलच ह्याची खात्री नाही. २८८० हा विचित्र आकडा पण त्यातूनच आला, त्या काळच्या कॉम्प्युटरांचे शब्द कुठे ३२ बिटांचे कुठे ३६ कुठे ६०, सगळ्यांना नि:शेष भाग जाईल असा आकडा. आणि नियम असा की एकदा फिट्स म्हणून वैध ठरलेली फाईल कायम वैध, नवीन आवृत्तीने जुनी मोडायची नाही. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने जुन्या हस्तलिखितांच्या स्कॅनसाठी हाच प्रकार निवडला, उगाच नाही.

तुमच्या फाईलीत सीआरव्हल-१ आणि सीआरव्हल-२ शोधा. १५९ च्या आसपास आणि उणे ५८ च्या पुढे काहीतरी असेल, ते विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातला पत्ता, अंशांमध्ये.

पावटा

उणे ५८ म्हणजे आपल्याकडून दिसत नाही ना ते?

निंबोणी

दिसतं की! पुण्याचं अक्षांश साडेअठरा धरा, ९० मधून ते आणि ५८.६ वजा करा, तेरा अंश येतात. एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजापासून तेरा अंशांवर. आपला अगस्त्य ज्या तारकासमूहात आहे त्यातलाच हा. अर्थात तेरा अंशांवर आपल्याकडे धूळ आणि गावांचे दिवेच असतात, पण दक्षिणेला मोकळी बाजू असेल अश्या डोंगरावरून बायनॉक्युलरने कराइनाचा मुख्य धूसर पट्टा मी बघितलाय. हा वेबवाला कडा म्हणजे त्याच्याच कडेचा एनजीसी ३३२४, अंतर साधारण ७,६०० प्रकाशवर्षं.

खडूस_म्हातारा

हे सगळं ठीक आहे पण मुद्दा राहिलाच. मूळ फाईल कृष्णधवल, मग ते रंग आले कुठून? म्हणजे ऑफिसात बसून कुणीतरी रंगवलंच ना. लोकांना वाटतं खरंच तिकडे केशरी कडे आहेत.

ध्रुवमत्स्य

काका, रंगवलं म्हणजे चुना लावला असं नाही. कुठल्याही मोठ्या दुर्बिणीचा सेन्सर कृष्णधवलच असतो, समोर फिल्टर फिरवतात आणि एकेका फिल्टरचं वेगळं चित्र घेतात. कराइनाच्या ह्या फोटोला निअरकॅम ह्या वेबवरच्या कॅमेऱ्याचे सहा फिल्टर वापरलेत. फिल्टरच्या नावातला आकडा म्हणजे तरंगलांबी, ९० म्हणजे ०.९ मायक्रॉन, ४४४ म्हणजे ४.४४ मायक्रॉन. मागचं अक्षर पट्टा किती रुंद ते सांगतं. १८७ वाला अरुंद पट्टा हायड्रोजनच्या एका ठराविक रेषेसाठी, ४७० वाला रेणूरूपी हायड्रोजनसाठी. जवळजवळ सगळंच अवरक्त, डोळ्याला दिसणारच नाही. मग क्रम तोच ठेवून, लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा, अशी उतरती भाजणी लावतात. तांबडं दिसलं की तिथे लांब लहरी जास्त, एवढं त्यातून नक्की कळतं.

खडूस_म्हातारा

आणि हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या फोटोतले ते वायूचे खांब? त्यात हिरवा हायड्रोजन होता. हायड्रोजनची ती रेषा तर डोळ्याला तांबडी दिसते, हे मला कॉलेजात शिकवलंय. तिथे तुमची भाजणी कुठे गेली?

ध्रुवमत्स्य

भाजणी तिथेही आहे. गंधक आणि हायड्रोजन दोघांच्याही रेषा तांबड्याच, एक ६७३ नॅनोमीटरला एक ६५६ ला. दोन्ही तांबड्या ठेवल्या तर कोण कुठला ओळखू येणार नाही, म्हणून लांबची ती तांबडी, मधली हिरवी, आणि ५०२ चा ऑक्सिजन निळा. क्रम बरोबर, फक्त ताणून लांब लांब बसवलेत. तुमचा आक्षेप फोटोखाली हे मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत इथवर असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.

खडूस_म्हातारा

तेवढाच आहे.

पावटा

खडूसकाका सहमत झाले, धागा वाचनखूण म्हणून साठवला.

कोकणी_फणस

चर्चा भारीच चाललीय पण माझे तीन प्रश्न आहेत. १) ठळक ताऱ्यांच्या बरोबर मध्यभागी काळं भोक आहे, लॉग करो नाहीतर काही करो. २) चित्र फोटोतल्यापेक्षा फिरलेलं आहे. ३) रंगीत मलाच करायचं असेल तर? उत्साहाच्या भरात आणखी दोन फिल्टर उतरवलेत आता.

ध्रुवमत्स्य

भोक म्हणजे तारा इतका ठळक की तिथला पिक्सेल ओसंडून गेला, सॅच्युरेट. तिथलं मोजमाप विश्वासाचं नाही म्हणून प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर तिथे आकडाच देत नाही, नॅन (म्हणजे 'आकडा नाही' अशी खूण) टाकतं नाहीतर शून्य. माऊस नेऊन व्हॅल्यू बघा. चित्राच्या बाहेरच्या तिरक्या कडा पण नॅनच. प्रसिद्ध केलेल्या फोटोत ती भोकं नंतर हाताने बुजवलेली असतात.

फिरलेलं आहे कारण दुर्बीण त्या दिवशी ज्या कलाने धरली होती तसं ते आहे. झूम मेनूत अलाइन करा, हेडरमधला आकाशाचा पत्ता वाचून उत्तर वर आणि पूर्व डावीकडे करून देईल. पूर्व डावीकडे बघून दचकू नका, आपण आकाशाकडे खालून बघतो.

रंगासाठी फ्रेम मेनूत आरजीबीची नवी फ्रेम घ्या. एक छोटी खिडकी येते, त्यात तांबडा निवडून सर्वांत लांब लहरीची फाईल उघडा, मग हिरवा निवडून मधली, मग निळा निवडून आखूड. प्रत्येकाचं स्केल वेगळं लावायचं. आता गोची अशी की निअरकॅममध्ये आखूड लहरींचा कॅमेरा वेगळा आणि लांब लहरींचा वेगळा, एकाचा पिक्सेल ०.०३१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दुसऱ्याचा ०.०६३. म्हणजे २०० चं चित्र ४४४ च्या दुप्पट मोठं. पिक्सेलला पिक्सेल लावायला गेलात तर काहीच जुळणार नाही, त्याच खिडकीत अलाइन डब्ल्यूसीएसवर ठेवा म्हणजे आकाशाच्या पत्त्यावरून जुळवतं.

आणि ८ जीबी रॅम. आखूड लहरींचं एक चित्र समजा बारा कोटी पिक्सेलचं, प्रत्येकी चार बाइट म्हणजे नुसतं चित्रच अर्धा जीबी. फाईल त्याहून कितीतरी मोठी का, तर आत चित्राबरोबर मोजमापात चूक किती असू शकते त्याचा अंदाज, वजन, निरनिराळे व्हेरियन्स असे थर आहेत. डीएस९ आपणहून पहिला चित्राचा थर, साय नावाचा, तेवढाच घेतं. उगाच सगळे थर उघडायचा पर्याय निवडू नका, लॅपटॉप झोपेल. तीनही लांब लहरींवालेच घेतलेत तर मशीन जगेल आणि आकारही सारखे राहतील, ३३५, ४४४ आणि ४७०.

तिसरी_आळी

ह्याच धाग्यात माझं पण घुसवतो, वेगळा काढत नाही. मुलाच्या हट्टापायी सीस्टार एस५० घेतलीय, ती स्मार्ट दुर्बीण. मोबाईलवर फोटो छान येतो पण आत फिट्स पण ठेवते. ती सिरिलमध्ये (खगोल फोटोंवर प्रक्रिया करायचं सॉफ्टवेअर) उघडली तर पहिल्यांदा काळं, मग खाली ऑटोस्ट्रेच केल्यावर दिसलं पण सगळं हिरवंगार, आणि सुट्या फ्रेम उघडल्या तर कृष्णधवल आणि बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट. आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे ऑटोस्ट्रेचमध्ये सुंदर दिसत असताना जेपेग म्हणून सेव्ह केलं तर जेपेग काळं!

दुर्बीणवाला_बंड्या

हा माझा प्रांत. शेवटून सुरू करतो. ऑटोस्ट्रेच हे फक्त दाखवणं आहे, वर ध्रुवमत्स्य म्हणाले तेच. सेव्ह करताना सिरिल खरा डेटा सेव्ह करतं आणि खरा डेटा अजून लिनियरच आहे, म्हणून काळं. इमेज प्रोसेसिंगमध्ये जाऊन हिस्टोग्रामवालं स्ट्रेच प्रत्यक्ष लावा, अप्लाय करा, मग खाली दाखवणं परत लिनियरवर आणा. आता जे दिसतंय तेच जेपेगमध्ये जाईल. अप्लाय केल्यावर ऑटोस्ट्रेच चालूच ठेवलंत तर दुहेरी स्ट्रेच होऊन सगळं पांढरं फटक दिसतं, त्याने घाबरू नका.

चौकट म्हणजे बायर पॅटर्न. तुमच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलवर एकच रंगाची काच, चारात दोन हिरव्या एक तांबडी एक निळी. सुटी फ्रेम म्हणजे ते कच्चं, रंग अजून काढलेलेच नाहीत. उघडताना डीबेयर चालू करा, कुठला क्रम ते हेडरमध्ये बायरपॅट ह्या नावाने लिहिलेलं असतं आणि सिरिल ते वाचतं. हिरवं होण्यात त्या दोन हिरव्या काचांचा हात आहेच, शिवाय शहरातलं आभाळ. ऑटोस्ट्रेचच्या शेजारी साखळीचं चिन्ह आहे, ती तोडलीत की तिन्ही रंग वेगवेगळे ताणले जातात आणि हिरवा जातो, अर्थात हेही दाखवण्यापुरतंच. खरं घालवायचं तर आधी ग्रेडियंट, म्हणजे आभाळाचा कमीजास्त उजेड, काढा मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन करा, ते ताऱ्यांचे माहीत असलेले रंग कॅटलॉगमधून घेऊन त्याच्याशी जुळवतं. आणि हे सगळं स्ट्रेचच्या आधी. क्रम उलटा केला तर रंग कधीच बसत नाहीत.

अजून एक. एखाद्या प्रोग्राममध्ये चित्र वरचं खाली दिसलं तर घाबरायचं नाही. फिट्समध्ये मोजणी परंपरेने खालच्या डाव्या कोपऱ्यातून, फोटोवाल्यांची वरच्या डाव्या कोपऱ्यातून. रोऑर्डर म्हणून एक ओळ काही सॉफ्टवेअर हेडरमध्ये लिहितात, काही लिहीतच नाहीत.

तिसरी_आळी

साखळी तोडली!! मृग नक्षत्रातला तेजोमेघ गुलाबी झाला! पोरगा नाचतोय.

खोडदकर

दृश्यप्रकाशवाल्यांनी धागा बळकावलाय म्हणून रेडिओच्या बाजूने थोडं. आमच्या खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेलं टीजीएसएस सर्वेक्षण आहे, त्याची चित्रं फिट्समध्येच सगळ्यांना खुली आहेत, कुणीही घ्यावीत. पण वेबसारखं काही दिसेल ह्या आशेने उघडाल तर नाराज व्हाल. सगळीकडे दाणेदार करडं आणि मधे मधे टिकल्या. त्या टिकल्यांतल्या बहुतेक म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका, पोटात कृष्णविवर असलेल्या. कधी कधी रेडिओच्या फाईलीला दोनाऐवजी चार अक्ष असतात, वारंवारता आणि ध्रुवीकरण धरून, तेव्हा डीएस९ क्यूबची खिडकी आपणहून उघडतं, ती बंद करा, चित्र मागे असतंच.

आणि इथे आकडे उणे पण येतात, ते बघून फाईल फेकून देऊ नका. एकक जान्स्की प्रति बीम. तबकड्यांच्या जोड्यांतून गणिताने चित्र तयार होतं, गोंगाट शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो. उणे आकड्यांमुळे लॉग इथे धड चालत नाही, झेडस्केल आणि लिनियर ठेवा. हेडरमध्ये बीमॅज बीमिन बघा, दुर्बिणीची नजर किती तीक्ष्ण ते त्यात, त्याहून बारीक जे दिसेल त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

निंबोणी

मस्त माहिती खोडदकर. मला शाळेतल्या मुलांना दाखवायचं होतं, वेबच्या फाईली शाळेच्या कॉम्प्युटरला झेपत नाहीत. त्यासाठी नासाचं स्कायव्ह्यू वापरते, वस्तूचं नाव टाकायचं, डीएसएस निवडायचं, ३०० बाय ३०० पिक्सेलची चिमुकली फिट्स मिळते, ती कुठल्याही डबड्यावर उघडते. डीएसएस म्हणजे पालोमार आणि ऑस्ट्रेलियातल्या श्मिट दुर्बिणींच्या जुन्या काचेच्या प्लेटा स्कॅन केलेल्या. मुलं एम ५१ चा एकच फोटो घेऊन स्केल बदलत बसतात आणि ज्याची त्याची दीर्घिका वेगळी दिसते, मग भांडतात कुणाची खरी.

इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर स्ट्रासबुर्गवाल्यांचं अलादीन लाइट ब्राउझरमध्येच चालतं, तिथे तर डाऊनलोडही नको.

कोकणी_फणस

अपडेट: ३३५, ४४४, ४७० लावून रंगीत झालं! नासापेक्षा भडक झालंय, बायको म्हणते गणपतीच्या मखरासारखं दिसतंय, पण माझं आहे. शेवटचा प्रश्न, हे आता सेव्ह कसं करू? सेव्ह इमेज केलं तर खिडकीएवढंच छोटं आलं आणि भिंतीवर लावायला प्रिंट काढायचंय.

ध्रुवमत्स्य

सेव्ह इमेज म्हणजे खिडकीत दिसतंय तेवढ्याचा स्क्रीनशॉट. फाईल मेनूतच एक्स्पोर्ट आहे, ते पूर्ण आकाराचं देतं, तिथे टिफ निवडा. पण प्रिंटच काढायची असेल तर माझं ऐका, डीएस९ बघण्यासाठी आणि मोजण्यासाठी आहे. फिट्स लिबरेटर घ्या, नॉयरलॅबचं, चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली, स्वतंत्र चालते, फुकट आहे. तिन्ही फाईली एकेक करून त्यात उघडा, असिन्श स्ट्रेच द्या, काळी बाजू हिस्टोग्रामच्या टेकडीच्या पायथ्याला ठेवा, टेकडीत घुसवू नका नाहीतर अंधुक धूर कापला जाईल. १६ बिटांच्या तीन टिफ निघतील, त्या गिंप ह्या फोटो एडिटरमध्ये तीन चॅनेलला लावा. ८ बिट घेऊ नका, नंतर आभाळात पट्टे पडतात.

पावटा

आणि मखराचा फोटो इथे टाका, प्रिंटच्या आधी.